जनसंपर्क, व्यवसायातील
व्यवसायसंस्थेने ग्राहक, शासन व वृत्तपत्रे यांच्याशी हेतुपूर्वक राखलेला संवाद. जाहिरातीची जागा विकत घेता येते. बातमीचे मोल संपादक ठरवितो. अमरावती-अकोल्याच्या कापूस-व्यापारात मात्र भाव व वजन यांविषयीचा शेतकऱ्याचा संशय प्रसिद्धिपत्रकाने फिटणारा नव्हता. या दृष्टीने १८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा जनसंपर्काच्या इतिहासातही नोंदण्याजोगा ठरतो. त्याने खरेदी-विक्री उघड, नियंत्रित बाजारात आणली. परंतु बाजारसमित्यांवर व्यापाऱ्यांचा वरचष्मा राहिल्याने संशय पुरता निवळला नाही. शासनदरबारी बाजू मांडण्यास १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी जवळ होती. पुढे मुंबई गाठावी लागली, आणि तेथील वृत्तपत्रांना वऱ्हाडचे व्यवहार समजावून सांगणे हे स्वतंत्र काम होऊन बसले.