न दाबलेल्या बटणाचं काय?

निपाणीकडच्या शेतात विहिरीजवळ मोटारीची पेटी असते, तिच्यावर एक हिरवं आणि एक लाल बटण. बेळगावच्या उद्यमबागेतल्या यंत्रांवरही हीच जोडी दिसते. हिरवं दाबून बोट काढलं तरी मोटार चालू राहते, कारण आतला काँटॅक्टर, म्हणजे विजेने ओढला जाणारा मोठा स्विच, स्वतःला धरून ठेवतो. बटण मात्र दाबल्यापुरतंच जोडतं. हेच पुश बटण. तसंच एक आपण मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपमध्ये मावलेल्या छोट्या संगणकाला, जोडूया. पेटीतल्या बटणाला मात्र हात लावू नये. तिथे ४१५ व्होल्ट असू शकतात. आपलं काम ५ व्होल्टचं आहे.

सामान थोडं: आर्डुइनो उनो बोर्ड, ब्रेडबोर्ड (डाग न देता तारा खोचायची भोकांची पाटी), दोन तारा आणि चार पायांचं छोटं बटण.

पहिली फसगत या पायांतच होते. दिसतात चार, पण आतून दोन-दोन कायमचे जोडलेले असतात. एकाच जोडीतले दोन पाय धरले, तर चिपला बटण सतत दाबलेलंच वाटतं. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले तिरके पाय घ्यावेत. ते कधीच एका जोडीतले नसतात.

बटण ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आडवं बसवावं. एका पायाची तार २ क्रमांकाच्या पिनेत जाईल, तिरक्या पायाची ग्राउंडमध्ये, म्हणजे शून्य व्होल्टच्या भोकात.

आता दाबलं की पिनेवर शून्य. आणि न दाबता? ‘५ व्होल्ट असणार’ असं वाटतं, पण तेव्हा पिन कशालाच जोडलेली नसते. अशी अधांतरी पिन घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची लहर पकडते. नुसतं बोट जवळ नेलं तरी वाचन बदलतं. माणूस तासभर प्रोग्राम तपासत बसतो.

उपाय म्हणजे पिनेला वर ओढून धरणारा पुलअप रोध. पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओहमचा (तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्यांचा) रोध लावला की बटण सुटं असताना पिन ५ व्होल्टवर राहते. दाबल्यावर त्यातून जेमतेम अर्धा मिलिअँपिअर वाहतो. रोधाऐवजी साधी तार लावली, तर दाबताक्षणी शॉर्ट सर्किट होईल.

मग सामानात रोध का नव्हता? उनोच्या चिपमध्येच २० ते ५० किलोओहमचा रोध असतो. प्रोग्राममध्ये पिनेचा प्रकार ‘इनपुट पुलअप’ लिहिला की तो कामाला लागतो. वाचन मात्र उलटं येतं: सुटं असेल तर ‘हाय’, दाबलं तर ‘लो’. यात बहुतेक जण एकदा तरी गोंधळतात.

एका दाबाने बोर्डावरचा दिवा लावायचा आणि दुसऱ्याने विझवायचा म्हटलं, की नवीच खोड दिसते: कधी लागतो, कधी नाही. बटणातला पत्रा टेकताना काही मिलिसेकंद उसळतो आणि चिप एकच दाब अनेकदा मोजते. म्हणून बदल दिसल्यावर ५० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचावं, आणि तेव्हाही ‘लो’ असेल तरच तो दाब धरावा. दिवा सध्या लागलेला आहे की नाही, हे एका चलात, म्हणजे प्रोग्राममधल्या नाव दिलेल्या कप्प्यात, साठवावं. पेटीत काँटॅक्टर जे धरून ठेवतो, ते इथे हा चल धरून ठेवतो.