मैदानाचं पंचांग (भाग ६) : उन्हाळी हंगाम कुणाला परवडतो?

गेल्या आठवड्यात आपण बाद फेरीची स्पर्धा आणि लीग यांतला फरक पाहिला. बाद फेरीची स्पर्धा आठ दिवसांत उरकता येते. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, त्यामुळे तिला चार-पाच महिने लागतात. हे महिने कोणते धरायचे, यावर छोट्या लीगचं जगणं अवलंबून असतं. आज त्याच निवडीबद्दल.

आपल्याकडे शेतकऱ्याला हंगाम समजावून सांगावा लागत नाही. खरीप पावसावर, रब्बी ओलीवर आणि उन्हाळी भुईमूग विहिरीला पाणी असेल तरच. फुटबॉलचा हंगामही याच हिशेबानं धरायचा असतो. प्रत्येक देशानं आपली माती, आपलं ऊन आणि आपल्या माणसांची सवड पाहून तो धरलेला आहे.

हंगाम जाणूनबुजून बदलणाऱ्या छोट्या लीगांमध्ये आयर्लंडचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. तिथली राष्ट्रीय लीग 1921 साली सुरू झाली आणि ऐंशी वर्षं थंडीत खेळली गेली. हिवाळ्यात मैदानं चिखलानं भरत आणि सामने पुढे ढकलावे लागत. प्रेक्षक घरी बसून टीव्हीवर शेजारच्या इंग्लंडचे सामने पाहत. युरोपातल्या क्लब स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या असत जुलैत, म्हणजे आयरिश संघांचे खेळाडू नुकते सरावाला लागलेले असताना. शेवटी 2003 पासून हंगाम वसंत ते शरद असा फिरवला. त्याआधी 2002-03 चा हंगाम मुद्दाम छोटा, जोडकामापुरता ठेवला होता. तो बोहेमियन्सनं जिंकला आणि पहिला उन्हाळी हंगाम शेलबर्ननं. पुढे 2011 मध्ये शॅमरॉक रोव्हर्स युरोपा लीगच्या गट साखळीत पोहोचला. आयर्लंडच्या कोणत्याही क्लबला हे त्याआधी जमलं नव्हतं. यात खेळाडूंची गुणवत्ता होतीच, पण जुलै-ऑगस्टमध्ये संघ ऐन भरात असणं ही मोठी जमेची बाजू होती.

मात्र बदल एकदा केला की तो कायमचा, असं नाही. इंग्लंडमधली महिलांची सुपर लीग 2011 मध्ये उन्हाळी म्हणूनच सुरू झाली आणि 2017-18 पासून हिवाळी झाली. जपानची जे लीग 1993 पासून वसंत ते हिवाळ्याच्या तोंडापर्यंत चाले. तिनं 2026-27 पासून ऑगस्ट ते मे असा हंगाम ठरवला आणि बर्फाच्या दिवसांसाठी मध्ये सुटी ठेवली. कतारमधली 2022 ची विश्वचषक स्पर्धा तर उन्हामुळेच जून-जुलैतून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेली होती.

आता आपल्याकडे येऊ. कोलकात्याची लीग 1898 पासूनची, आणि ती पावसाळ्यात रंगते. तिथल्याच मोहन बागान संघानं अनवाणी खेळून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली तो दिवस होता 29 जुलै 1911, म्हणजे ऐन पावसाळा. कोल्हापुरानं वेगळी वाट धरली. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम असे पेठापेठांतले संघ पावसाळा संपल्यावर शाहू स्टेडियमवर उतरतात आणि लीगमागून स्पर्धांची रांग पार उन्हाळ्यापर्यंत जाते. म्हणजे आपल्या जवळच्या सर्वांत मोठ्या फुटबॉलवेड्या शहरात उन्हातला खेळ नवा नाही. त्याची किंमत काय, एवढंच समजून घ्यायचं आहे.

पहिली किंमत अंगाची. डब्लिनमध्ये जुलैच्या दुपारी पारा वीस अंशांच्या आसपास असतो. आपल्याकडे, सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात, एप्रिलमध्ये तो चाळिशीकडे सरकतो. पण धोका केवळ पाऱ्यावरून कळत नाही. तो घरातल्या माठावरून कळतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत माठ बाहेरून पाझरतो, ते पाणी भराभर उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. मेच्या अखेरीस वळवाचे ढग जमले, हवा कोंदट झाली की तोच माठ ओलाकिच्च राहतो आणि पाणी कोमट लागतं. खेळाडूचं अंग म्हणजे असाच माठ. घाम उडाला तर अंग निवतं, नुसता निथळत राहिला तर आतली उष्णता आतच साचते.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं वापरलेलं उन्हाचं मोजमाप याच तत्त्वावर उभं आहे. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला सत्तर टक्के वजन असतं, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला वीस टक्के आणि साध्या तापमापकाला फक्त दहा टक्के. हा एकत्रित आकडा 32 च्या वर गेला की प्रत्येक अर्ध्यात साधारण तिसाव्या मिनिटाला पाण्यासाठी खेळ थांबवावा, असा नियम 2014 च्या ब्राझील विश्वचषकापासून लोकांना माहीत झाला.

दुसरी किंमत मातीची. आपली काळी जमीन पावसात बुटाला किलो-किलोनं चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत पाय अडकला की घोटा गेलाच. ती बांधून ठेवायला पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. हिशेब करून पाहा. 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद मैदान म्हणजे 7,140 चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी मारायचं तर 7,140 लिटर लागतं. पाच मिलिमीटरला 35,700 लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे सात टँकर आणि वर थोडं. सात टँकर एका वेळच्या शिंपणीला! ज्या तालुक्यांत मे महिन्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर येतो, तिथे हे पाणी मैदानावर ओतणं कुणालाही शोभणार नाही.

मग उन्हाळा सोडूनच द्यायचा का? मला तसं वाटत नाही, कारण उन्हाळ्याकडे एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुठल्याही ऋतूकडे नाही, ती म्हणजे मोकळी मुलं. समजा कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, कराड अशी एकाच रेल्वेमार्गावरच्या गावांची लीग उभी करायची आहे. ऑक्टोबरपर्यंत सोयाबीनची काढणी. दिवाळीनंतर मैदानात ओल असते, पण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सामना चारला सुरू व्हायला हवा. त्या वेळी कॉलेजची मुलं तासाला असतात आणि कामावरची मुलं कामावर, म्हणून हे सामने रविवारीच. फेब्रुवारी-मार्च बारावी-दहावीच्या परीक्षांचे. एप्रिल-मे सुटीचे, पण जत्रांचे आणि लग्नसराईचेही.

म्हणून माझी सूचना अशी. लीगचा पूर्वार्ध दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत रविवारी खेळवावा. परीक्षांच्या काळात मैदान बंद. उत्तरार्ध एप्रिलच्या मध्यापासून, फक्त सकाळी. मेमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं. साडेसहाला शिट्टी वाजली तर सव्वाआठ-साडेआठला सामना संपतो आणि ऊन चढायच्या आत मुलं घरी पोहोचतात. प्रत्येक अर्ध्यात पाण्याची विश्रांती सक्तीची. पाणी मारायचं ते गोलसमोरच्या आणि मधल्या पट्ट्यापुरतं, तेही पिण्याच्या साठ्याला हात न लावता. मोसमी पाऊस सुरू व्हायच्या आत, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात, शेवटचा सामना.

चालू लीगचा हंगाम बदलायचा असेल, तर आयर्लंडकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी. मधला हंगाम छोटा ठेवावा. बदल एक वर्ष आधी सगळ्या संघांना सांगावा. शिवाय नवा हंगाम निदान पाच वर्षं मोडू नये, कारण खेळाडू, पंच आणि प्रेक्षक यांच्या अंगवळणी पडायला तेवढा काळ लागतोच.

उन्हाळी भुईमूग घेणारा शेतकरी आधी विहिरीत डोकावतो, मग बी विकत आणतो. लीग भरवणाऱ्यांनीही वेळापत्रक छापण्याआधी मैदानाजवळची विहीर पाहावी आणि मुलांच्या परीक्षांच्या तारखा पाहाव्यात. त्या दोन्हींत जे बसेल, तोच आपला हंगाम.

पुढच्या आठवड्यात : गावच्या मैदानाची मशागत, मुरूम आणि रोलर.