काळ्या मातीतील धातुशोध : अडचणी व उपाय

सुरतच्या डिंडोली परिसरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. या दोन्ही प्रदेशांना जोडणारा दुवा म्हणजे तापी नदी आणि तिच्या खोऱ्यातील काळी माती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून ही माती प्रामुख्याने तयार झाली. मेटल डिटेक्टर मात्र या मातीत अनेकदा फसतो.

यंत्राची कॉइल बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्यामुळे धातूत विद्युतप्रवाह उद्भवतो व यंत्र त्याचा परिणाम टिपते. परंतु बेसॉल्टमधील मॅग्नेटाइटचे कण मातीतही उतरलेले असतात आणि तेही प्रतिसाद देतात. कोरड्या मातीतून लोहचुंबक फिरविल्यास हे काळे कण त्याला चिकटतात. वर्गात हा प्रयोग सहज करता येतो.

संवेदनशीलता वाढविली की अधिक खोलवरचे सापडते, हा समज येथे चुकीचा ठरतो. वाढतो तो मातीचाच आवाज. म्हणून प्रथम धातू नसलेल्या जागी कॉइल खालीवर करून, आवाज स्थिर होईपर्यंत यंत्र मातीशी जुळवून घ्यावे. नंतर संवेदनशीलता कमी ठेवून कॉइल समान उंचीवरून सावकाश फिरवावी. तीच जागा उभी व आडवी तपासावी. दोन्ही वेळा मिळणारा संकेत अधिक विश्वसनीय असतो.

तथापि यंत्राचे मौन म्हणजे जमीन रिकामी असल्याचा पुरावा नव्हे. प्लास्टिकची नळी तर त्याला कळतच नाही. खोदणाऱ्या मजुराच्या कुदळीखाली वीजवाहिनी नाही, याची खात्री नकाशावरूनही करून घेणे आवश्यक आहे.