आचार्य, आचारी आणि यंत्राची चाचणी

‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ ही दोन वाक्ये कानाला जितकी जवळची, तितकीच अर्थाने दूरची आहेत. पहिल्या वाक्याने विद्वान गृहस्थ बैठकीत येतील. दुसऱ्याने स्वयंपाकघरातील मनुष्य हात पुसत बाहेर येईल. लेखनात हा सारा फरक एका लहानशा रेघेवर अवलंबून आहे. पहिल्या शब्दात ‘य’च्या डोक्यावर रफार आहे, दुसऱ्यात ‘य’च्या डाव्या अंगाला पापणीसारखी एक वाकडी रेघ जोडलेली आहे. जुन्या छापखान्यातील खिळे जुळवणारा कारागीर हा भेद ओळखून योग्य तो खिळा उचलीत असे. आता मात्र मराठी मजकुराचा फार मोठा भाग भ्रमणध्वनीच्या काचेवर वाचला जातो, आणि तेथे खिळा उचलण्याचे काम एक संगणकीय आज्ञावली करते. ती चुकली तर आचार्यांचे आचारी होण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही.

हे काम दिसते तितके सोपे नाही. संगणक मजकूर साठवितो तो साधारणपणे उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’ या अक्षरात आधी ‘क’ साठविला जातो आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी. परंतु दाखविताना वेलांटी ‘क’च्या आधी काढावी लागते. रफाराचा ‘र’ साठवणीत पहिला असतो, पण दिसतो तो पुढील अक्षराच्या माथ्यावर. ‘र’, हलन्त चिन्ह आणि ‘य’ असा क्रम आला तर रफार काढावयाचा. त्या ‘र’च्या जागी खाली टिंब असलेला ‘ऱ’ आला तर मराठीची ती पापणी काढावयाची. कोणत्या क्रमासाठी कोणते आकार निवडावेत आणि ते कोठे मांडावेत, हा निर्णय घेणाऱ्या आज्ञावलींपैकी ‘हर्फबझ’ ही एक प्रमुख आज्ञावली आहे. फारसी भाषेत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे खुले. त्यावरून हे नाव पडले. बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या कॅनडावासी संगणकतज्ज्ञाच्या पुढाकाराने ती आजच्या रूपास आली. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स व लिबरऑफिस यांमध्ये तिचा उपयोग केला जातो.

हर्फबझ मुक्तस्रोत आहे. तिची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, तीत सुधारणा करावी, आणि ती सुधारणा प्रकल्पाकडे पाठवावी, अशी मुभा आहे. सुधारणा पाठविणारा विद्यार्थी असो वा निष्णात अभियंता, पुण्याचा असो वा पॅरिसचा, दार सर्वांना सारखेच उघडे असते. परंतु दार उघडे ठेवण्यात एक धोकाही असतो. देवनागरी, बंगाली, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा अनेक भारतीय लिप्या हर्फबझमध्ये एकाच सामाईक यंत्रणेतून जातात. एखाद्या मल्याळी तरुणाने आपल्या लिपीतील एक जोडाक्षर दुरुस्त करण्यासाठी दोन ओळी बदलल्या, तर त्या दोन ओळींनी मराठीची पापणी पुसली जाण्याचा संभव असतो. त्या तरुणाला मराठी येत नाही. तपासणाऱ्या कॅनडावासी तज्ज्ञाला मल्याळम किंवा मराठी वाचता येईलच असे नाही. जगातील सर्व लिप्या जाणणारा परीक्षक कोठून आणावा?

या प्रश्नाला संगणकशास्त्राने दिलेले उत्तर म्हणजे ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’, अर्थात सतत एकत्रीकरण. हा शब्दप्रयोग ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये केला, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात केंट बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला नित्याच्या कार्यपद्धतीचे रूप दिले. त्यापूर्वी पुष्कळ ठिकाणी दहा माणसे आपापले भाग महिनोन्महिने स्वतंत्रपणे लिहीत आणि शेवटी ते एकत्र जोडू पाहत. दहा सुतारांनी निरनिराळ्या गावी बसून एकाच दरवाजाचे भाग करावेत आणि बसविण्याच्या दिवशी एकही सांधा जुळू नये, तशी अवस्था होई. यावर उपाय असा निघाला की प्रत्येकाने आपले काम लहान लहान तुकड्यांनी मूळ कामात मिळवावे, दिवसातून अनेकदा मिळवावे, आणि प्रत्येक वेळी यंत्राने संपूर्ण काम नव्याने जुळवून त्याच्या सर्व चाचण्या घ्याव्यात. २०११ मध्ये बर्लिन येथे सुरू झालेल्या ‘ट्रॅव्हिस सीआय’ने ही सोय मुक्तस्रोत प्रकल्पांना विनामूल्य उपलब्ध करून दिली, २०१९ मध्ये ‘गिटहब’नेही आपल्या प्रकल्पांसाठी अशी व्यवस्था खुली केली. त्यामुळे पूर्वी ज्यासाठी स्वतंत्र यंत्रे व ती सांभाळणारी माणसे लागत, ते साधन दोन-चार स्वयंसेवकांच्या प्रकल्पालाही सुलभ झाले.

या यंत्राचे चालणे एखाद्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. हर्फबझच्या चाचण्यांतील एक मोठा वर्ग अतिशय साध्या बांधणीचा आहे. प्रत्येक ओळीत एका टंकाचे नाव, त्यापुढे अक्षरांचे सांकेतिक क्रमांक, आणि त्यापुढे अपेक्षित फलित, म्हणजे कोणते आकार कोणत्या क्रमाने व कोणत्या जागी यावेत, हे लिहिलेले असते. समजा, ‘आचाऱ्यास’ या शब्दाची अशी एक ओळ तेथे आहे. कोणीही बदल सुचविला की यंत्र तो बदल घेऊन आज्ञावली नव्याने बांधते. लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्ही प्रणालींवर बांधते. आणि मग चाचण्यांची एकेक ओळ तपासते. प्रत्यक्ष फलित अपेक्षेशी जुळले तर हिरवी खूण, न जुळले तर तांबडी. मल्याळी तरुणाच्या दोन ओळींनी मराठीची पापणी पुसली असेल तर थोड्याच वेळात तांबडी खूण उमटते आणि नेमकी कोणती ओळ फसली तेही कळते. यंत्राला मराठी येत नाही; परंतु मराठी जाणणाऱ्या कोणीतरी एकदा सांगितलेले ते विसरत नाही.

या पद्धतीचे खरे महत्त्व येथेच आहे. चाचण्यांचा संग्रह म्हणजे प्रकल्पाची स्मरणवही होय. तीतील पुष्कळशा ओळी पूर्वी कधीतरी झालेल्या चुकीची नोंद असतात. हर्फबझमध्ये भारतीय लिप्यांचे काम रंगात आले त्या २०१२ च्या सुमारास, विकिपीडियातील लाखो शब्द घेऊन तिचे फलित मायक्रोसॉफ्टच्या ‘युनिस्क्राइब’ या यंत्रणेच्या फलिताशी ताडून पाहिले गेले, आणि जेथे तफावत दिसली तेथे कोण चुकते याचा शोध घेतला गेला. अशा परिश्रमाने मिळालेले ज्ञान एखाद्याच्या डोक्यात राहिले असते, तर तो मनुष्य निवृत्त होताच लोपले असते. कचेरीत अनुभवी कारकून बदलून गेला की जुन्या प्रकरणाचा दाखला सापडेनासा होतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. चाचणीची ओळ मात्र बदलून जात नाही.

म्हणून अशा प्रकल्पास साहाय्य करू इच्छिणाऱ्याने काही पथ्ये पाळणे अगत्याचे ठरते. पहिले पथ्य असे की, बदल पाठविण्यापूर्वी सर्व चाचण्या स्वतःच्या संगणकावर चालवून पाहाव्यात. दूरच्या यंत्राला पहिला वाचक करू नये. दुसरे, बदल लहान असावा. एका वेळी दहा गोष्टी बदलल्या तर तांबडी खूण कशामुळे आली हे उमजत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुरुस्तीबरोबर तिची चाचणीही पाठवावी. दुरुस्तीच्या आधी जी फसते आणि दुरुस्तीनंतर उत्तीर्ण होते, तीच खरी चाचणी. ती न पाठविता केवळ दुरुस्ती करणाऱ्याने आजचा शब्द सावरला, परंतु उद्याच्या परक्या हातापासून त्याचे रक्षण केले नाही, असे म्हणावे लागते. चौथे, तांबडी खूण दिसली तर खचून जाऊ नये. यंत्राने ठेवलेली सविस्तर नोंद उघडावी आणि पहिली चूक शोधावी, कारण पुढील अनेक चुका बहुधा तिचीच पिल्ले असतात. आणि शेवटचे पथ्य म्हणजे, हिरवी खूण मिळावी एवढ्यासाठी अपेक्षित फलित बदलण्याचा मोह टाळावा. हिशेब जुळत नाही म्हणून शिल्लक रकमेचा आकडाच खोडण्यासारखे ते आहे. अपेक्षाच चुकीची असेल तर ती अवश्य बदलावी. पण का बदलली हे सकारण लिहावे.

नवख्याला येथे आणखी एक गोष्ट खटकण्याचा संभव असतो. प्रथमच बदल पाठविणाऱ्याच्या चाचण्या कित्येकदा तत्काळ सुरू होत नाहीत. प्रकल्पाच्या जबाबदार व्यक्तीने अनुज्ञा द्यावी लागते. हा अविश्वास नवख्याच्या गुणवत्तेविषयी नाही. फुकट मिळणाऱ्या या यंत्रांवर काही लोकांनी आभासी चलन निर्माण करण्याचा उद्योग आरंभिला, म्हणून २०२१ मध्ये गिटहबला हा निर्बंध घालावा लागला. सार्वजनिक पाणवठ्याचा दुरुपयोग झाला की त्याला कुलूप लागते, आणि तहानलेल्यालाही थांबावे लागते.

तथापि यंत्राने हिरवी खूण दिली म्हणजे मनुष्याची जबाबदारी संपली, असे मानणे घातक आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या मुक्तस्रोत आज्ञावलीच्या बाबतीत जे घडले ते याची साक्ष देते. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ साहाय्य करीत विश्वास संपादिला आणि अखेर तीत एक गुप्त चोरदरवाजा बसविला. त्याचे काही भाग तिने दडविले होते ते चाचणीसाठी ठेवलेल्या नमुन्यांतच! पहारेकऱ्याच्याच गाठोड्यात चोराने हत्यार लपवावे, तसा हा प्रकार. तो उघडकीस आणला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. आपल्या यंत्रात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढी लहान गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती सोडून दिली नाही. चाचणी विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते. न विचारलेला प्रश्न सुचणे हे मनुष्याच्या जिज्ञासेचे काम आहे, आणि ते तसेच राहील.

यंत्र आणि मनुष्य यांची ही वाटणी ध्यानात ठेवली तर मराठी भाषकांचे कर्तव्यही स्पष्ट होते. पडद्यावर आपले एखादे अक्षर मोडलेले दिसले की हळहळणारे पुष्कळ असतात, कळविणारे थोडे, आणि दुरुस्तीसह चाचणी पाठविणारे अगदीच विरळा. परंतु त्या विरळा व्यक्तीने लिहिलेली एक ओळ पुढे येणाऱ्या प्रत्येक बदलाला अडवून विचारीत राहते की, हा शब्द अजून शाबूत आहे ना? विचारणाऱ्या यंत्राला आचार्य ठाऊक नाहीत आणि आचारीही ठाऊक नाही. तरी त्या एका ओळीच्या बळावर ते दोघांनाही ज्याच्या त्याच्या जागी ठेवते.