नुसतं पाणी नको, खाडीचा गाळ तपासा

ओहोटीला ठाणे खाडी उघडी पडली की वरचा गाळ करडा-तपकिरी दिसतो. थोडा उकरला की खालून काळाकुट्ट निघतो, आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. शिसं, कॅडमियम, जस्त, पारा याच थरांत साठतात, आणि आपण मात्र तपासत बसतो वरचं पाणी.

चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग प्रचंड. त्यावर ऋण प्रभार असतो, म्हणून धातूंचे धन आयन त्याला चिकटतात. गोडं पाणी खाऱ्यात मिसळलं की या कणांच्या गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. तिथे ऑक्सिजन नसतो. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि ते बऱ्याच धातूंना बांधून ठेवतं. त्यामुळे पाण्याच्या नमुन्यात धातू नगण्य आले म्हणून खाडी स्वच्छ, असं म्हणता येत नाही.

उलट, गाळात धातू सापडला की तो कारखान्याचाच, असंही नाही. कोकणात तर मुळीच नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. त्याची झीज होऊन आलेल्या मातीत तांबं आणि क्रोमियम मुळातच जास्त. जागतिक सरासरी लावली तर इथली निर्मळ खाडीही दूषित ठरेल. म्हणून संशोधक नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढतात. शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. त्यावरून थरांचं वय काढतात. मग प्रत्येक थरातला धातू ॲल्युमिनियमच्या प्रमाणाशी ताडून पाहतात, कारण ॲल्युमिनियम मुख्यतः मातीतूनच येतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढले ते १९६०च्या दशकापासून. त्याआधीचे खोल थर हाच इथला खरा मापदंड.

मला काळजी वाटते ती उपशाची. जहाजांसाठी किंवा बांधकामासाठी तळ खरवडला की काळ्या गाळाला ऑक्सिजन मिळतो, सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि बांधलेले धातू मोकळे होऊ लागतात. कालवं पाणी गाळून खातात, त्यांच्या अंगात जस्त आणि कॅडमियम साठतं. फ्लेमिंगोही अन्न गाळूनच टिपतात, आणि ही खाडी २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. उपशाआधी उभे नमुने तपासलेच पाहिजेत, आणि गाळ कुठे टाकणार हे काठावरच्या कोळीवाड्यांना आधी सांगितलं पाहिजे.

पाऱ्याचं प्रकरण आणखी वाईट. ऑक्सिजनविना जगणारे काही जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात, आणि तो माशांमधून माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. जपानच्या मिनामाटा उपसागरात तर कारखान्याच्या सांडपाण्यातूनच मिथिल पारा आला. ते सांडपाणी १९६८मध्ये थांबलं, पण पारा तळाशीच राहिला. १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळावा लागला. काही उपसला, काही जागच्या जागी भराव टाकून बंद केला. त्यातून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडाशी लावलेली जाळी मात्र निघाली ती १९९७मध्ये, सांडपाणी थांबल्यावर २९ वर्षांनी.