सामान्य शिक्षणाची अट : स्वरूप व प्रयोजन

पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्या विशेष विषयाबरोबरच इतर ज्ञानशाखांतील काही अभ्यासक्रम पुरे केलेच पाहिजेत, असा नियम आता आपल्याकडेही रूढ होत आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांना, आणि काही अध्यापकांनाही, तो एक उपद्रव वाटतो. म्हणून या नियमामागील विचार कोणता, हे पाहणे उचित ठरेल.

या विचाराची जडणघडण प्रामुख्याने अमेरिकन विद्यापीठांत झाली. हार्वर्ड येथे एलियट यांच्या कारकिर्दीत (१८६९–१९०९) विद्यार्थ्याला विषय निवडण्याचे जवळजवळ पूर्ण स्वातंत्र्य मिळाले. त्यामुळे दोन पदवीधरांच्या अध्ययनात समान असे फारसे काही उरेना. त्यावर दोन उपाय पुढे आले. पहिला वाटणीचा : निरनिराळ्या ज्ञानशाखांतील काही अभ्यासक्रम विद्यार्थ्याने आपल्या पसंतीने निवडावयाचे. दुसरा समान गाभ्याचा : सर्वांनी एकच अभ्यासक्रम अभ्यासावयाचा. कोलंबिया महाविद्यालयात १९१९ साली सुरू झालेला समकालीन संस्कृतीविषयक अभ्यासक्रम हे या दुसऱ्या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. पहिल्या पद्धतीत स्वातंत्र्य आहे, पण विस्कळीतपणाचे भय आहे. दुसरीत एकसूत्रता आहे, पण गाभा कोणी ठरवावयाचा हा वाद अटळ आहे.

भारतात राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या आपल्या अहवालात, पदवीपूर्व शिक्षणातील अतिरेकी विशेषीकरणावर उपाय म्हणून सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला. परंतु शिफारस आणि व्यवहार यांत दीर्घकाळ अंतर राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात ही कल्पना नव्या रूपाने अवतरली. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक. त्यांपैकी ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांसाठी. बारावीपर्यंत अभ्यासलेला विषय या गटात पुन्हा घेता येत नाही. भाषा, कौशल्ये व मूल्ये यांसाठी स्वतंत्र श्रेयांक आहेत. बहुविद्याशाखीय गटापुरते पाहिले, तर ही रचना वाटणीच्या पद्धतीची आहे, हे उघड आहे.

एका श्रेयांकास १५ तासांचे अध्यापन धरले, तर ९ श्रेयांकांचे १३५ तास होतात. एवढ्या वेळात कोणताही विषय ‘पुरा’ होणे अशक्य. आणि येथेच खरी मेख आहे. अध्यापकाने आपल्या विशेष अभ्यासक्रमाचे पहिले प्रकरण सौम्य करून शिकविले, तर विद्यार्थ्याच्या पदरी काही व्याख्या तेवढ्या पडतील. विशेष अभ्यासक्रमाचे पहिले प्रकरण पुढील प्रकरणांसाठी असते. या विद्यार्थ्यांच्या वाट्याला ती पुढील प्रकरणे यावयाचीच नसतात.

म्हणून येथे विषयातील माहितीपेक्षा विषयाची विचारपद्धती शिकविणे इष्ट. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला राजघराण्यांच्या वंशावळी पाठ करावयास लावण्यापेक्षा, एखादा ताम्रपट अस्सल की बनावट हे इतिहासकार लिपी, भाषा व कालगणना यांवरून कसे ठरवितो, हे दाखवावे. साहित्याच्या विद्यार्थ्याला सूत्रे देण्यापेक्षा, मोजमापातील चूक किती असू शकते याचा अंदाज कसा बांधतात, हे त्याच्याकडूनच करवून घ्यावे. पुरावा कशास म्हणावे, याचे उत्तर शास्त्राशास्त्रांत भिन्न असते, एवढे त्यास उमगले तरी १३५ तास सार्थकी लागले.

असे अध्यापन विशेष विषयाच्या अध्यापनाहून सोपे नाही. तरीही हे वर्ग बहुधा नवख्या अध्यापकाकडे सोपविले जातात. आज पदव्युत्तर वर्गांत असलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला ते येतील. तेव्हा ही अट ओझे ठरावी की शिक्षण, हे नियमापेक्षा त्यांच्याच हाती अधिक राहील.