डायलिसिसची मशीन किती लागतील, हे सांगण्याचेही पैसे मिळतात. पण त्यासाठी शिकायचं काय?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात थोडा वेळ उभं राहा. जालना रोडवरून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स जाताना दिसेलच. एखादी उड्डाणपुलावरून, एखादी खालून, सिग्नलला अडकलेल्या रिक्षांमधून वाट काढत. कुणी जालन्याहून आलेलं असतं, कुणी बीडहून, कुणी पार बुलढाण्याहून. काही घाटीकडे वळतात, काही सिडकोकडे, काही बीड बायपासच्या खासगी हॉस्पिटलांकडे.

मराठवाड्याचं आजारपण या रस्त्यावरून जातं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि याच शहरात दरवर्षी बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, बीफार्म, नर्सिंग करून बाहेर पडणारी पोरं-पोरी एका प्रश्नाशी अडतात. पुढं काय? पीजीची सीट मिळत नाही, स्वतःचं क्लिनिक टाकायला भांडवल नाही, नोकरीत पगार जेमतेम. मग रात्री मोबाइलवर एक रील समोर येतं. सूटबूट घातलेला कुणीतरी सांगतो, ‘हेल्थकेअर कन्सल्टिंगमध्ये या, एमबीए करा, लाइफ सेट.’

आता हे हेल्थकेअर कन्सल्टिंग म्हणजे नेमकं काय, हे त्या रीलमध्ये कुणी सांगत नाही. ते एका उदाहरणातून समजून घेऊ.

समजा, एका ट्रस्टला जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याला डायलिसिस सेंटर टाकायचं आहे. ते सल्लागाराला विचारतात, किती मशीन घेऊ? सल्लागार कंपन्यांच्या मुलाखतीतही असलाच प्रश्न टाकतात. त्याला केस इंटरव्ह्यू म्हणतात. उत्तर पाठ असून उपयोग नसतो, कारण मुलाखत घेणारा तुमचा हिशेब बघत असतो.

तर हिशेब असा. डायलिसिसचं एक सेशन साधारण ४ तासांचं. एक मशीन दिवसाला ३ शिफ्ट चाललं आणि आठवड्याला ६ दिवस चाललं, तर आठवड्यात १८ सेशन होतात. समजा तालुक्यात ६० पेशंट आहेत आणि प्रत्येकाला आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस लागतं. म्हणजे १८० सेशन. भागिले १८. उत्तर आलं १० मशीन.

इथंपर्यंत कुणीही येतं. खरी गंमत यानंतर आहे.

आपल्याकडे बरेच पेशंट आठवड्यातून ३ ऐवजी २ वेळाच येतात. येण्या-जाण्याचा खर्च, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, ही त्याची कारणं. २ वेळा धरलं तर १२० सेशन होतात आणि ७ मशीनमध्ये काम भागतं. फक्त धंदा बघणारा माणूस म्हणेल, ७ घ्या, पैसे वाचले. वैद्यकशास्त्र जाणणारा म्हणेल, थांबा, पेशंट दोनदाच येतोय कारण सेंटर लांब आहे. तालुक्यातच सेंटर झालं तर तो तिसऱ्यांदाही येईल, मग ७ मशीन कशी पुरणार?

दोघंही आपापल्या जागी बरोबर. या दोघांचं डोकं एकाच माणसाच्या खांद्यावर बसवायचं, यालाच हेल्थकेअर कन्सल्टिंगची तयारी म्हणतात.

आणि हिशेब अजून संपलेला नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटसाठी मशीन वेगळं ठेवावं लागतं. एखादं मशीन बंद पडलं तर राखीव लागतं. मग पाणी. डायलिसिसच्या एका सेशनला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. १० मशीन, ३ शिफ्ट म्हणजे दिवसाला ३,६०० लिटर. आरओमध्ये वाया जाणारं पाणी वेगळंच. ज्या भागात नळाला पाणी किती दिवसांनी येणार यावर घरातली धुणी ठरतात, तिथं हा आकडा विसरलेला सल्लागार उन्हाळ्यात तोंडावर आपटतो. पुण्या-मुंबईत बसून केलेल्या प्रेझेंटेशनमध्ये पाण्याच्या टँकरची स्लाइड सहसा नसते.

पैशाचंही तसंच. सेंटरचा महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे भाडं, पगार, वीज वगैरे, समजा ३ लाख आहे. महिन्याला ३०० सेशन झाली तर प्रत्येक सेशनवर १,००० रुपये चढतात. ६०० झाली तर ५००. सरकारी योजनेतून मिळणारा दर मात्र दोन्ही वेळी तोच. म्हणजे योजना परवडते की नाही, हे बऱ्याचदा दरापेक्षा खुर्च्या किती भरतात यावर ठरतं.

हे झालं एक काम. बाकी कामंही याच जातकुळीची. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, पुढं तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. त्याआधी २००५ मध्ये हॉस्पिटलांच्या दर्जाची तपासणी करणारं एनएबीएच हे मंडळ उभं राहिलं. या सगळ्यामुळं हॉस्पिटल चालवणं म्हणजे फक्त चांगला डॉक्टर बसवणं, हे दिवस गेले. प्री-ऑथ, क्लेम, पॅकेज, ऑडिट, कागदपत्रं. क्लेम अडकला तर तो का अडकला, हे शोधणारा माणूस लागतो. मोठ्या कंपन्या औषध कंपन्यांना, राज्य सरकारांना, विमा कंपन्यांना सल्ला देतात. लहान सल्लागार पन्नास खाटांच्या हॉस्पिटलला एनएबीएचसाठी तयार करतात. दोन्ही कन्सल्टिंगच. रीलमध्ये मात्र पहिलंच दिसतं.

मग डिग्री कोणती?

ढोबळमानाने तीन वाटा आहेत. एमबीए, त्यातही हॉस्पिटल आणि हेल्थकेअर मॅनेजमेंटचं, हे पैसा, माणसं आणि कामकाज शिकवतं. एमएचए म्हणजे मास्टर ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, हॉस्पिटल आतून कसं चालवायचं ते. आणि एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, ज्यात एक पेशंट नाही तर अख्खी लोकसंख्या बघायची असते. साथरोगशास्त्र, आकडेशास्त्र, आरोग्याचं अर्थशास्त्र, धोरण.

हॉस्पिटल चालवणं हा शिकण्याचा विषय आहे, हे तसं जगालाही उशिराच पटलं. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाने त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला तो १९३४ मध्ये. आज तिकडं जॉन्स हॉपकिन्ससारख्या ठिकाणी एमबीए आणि एमपीएच या दोन्ही डिग्र्या जोडून करता येतात. आपल्याकडे अशी जोडडिग्री फारशी रुळलेली नाही. त्यामुळं इथं बहुतेक जण एक बाजू डिग्रीतून शिकतात आणि दुसरी कामातून.

मुंबईच्या टिसमध्ये एमएचए आणि एमपीएच दोन्ही आहेत आणि तिथला अलीकडचा प्रवेश सीयूईटी-पीजीतून होतो. पुण्यात सिम्बायोसिसचं आरोग्य विज्ञानाचं इन्स्टिट्यूट आहे, त्यासाठी स्नॅप द्यावी लागते. राज्यातल्या एमबीए कॉलेजांसाठी एमबीए-सीईटी. जयपूरचं आयआयएचएमआर १९८४ पासून याच विषयात आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन सेंटर १९९७ पासून एमपीएच शिकवतंय. एमबीबीएसवाल्यांना एमडी कम्युनिटी मेडिसिनची वाट आहेच, जिला कॉलेजात कुणी फारसं विचारत नाही आणि कोविड आल्यावर मात्र सगळे शोधत होते.

बीएएमएस, बीडीएस, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, यातल्या कुणालाही यातल्या बहुतेक वाटा खुल्या आहेत. बीकॉम किंवा इंजिनिअरिंगवाल्यांनाही एमबीए करता येतं. फक्त त्यांना वॉर्डची भाषा शिकून घ्यावी लागते आणि डॉक्टरांना ताळेबंद वाचायला शिकावं लागतं. यातलं दुसरं जास्त जड जातं असा या धंद्यातला जुना विनोद आहे.

आता ‘एमपीएच करून काय मिळतं’ असं विचारणाऱ्यांसाठी मराठी मुलखातलंच एक उदाहरण आहे. ते कन्सल्टिंगचं नाही, पण या शिक्षणाने डोक्यात काय बदल होतो ते यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या माहितीपत्रकातून कळणार नाही.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम करायचे. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की आपण तेच तेच आजार बरे करतोय आणि माणसं तेच आजार घेऊन परत येतायत. दोघंही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले, सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला येऊन बसले.

तिथं त्यांनी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? दवाखाना हे उत्तर पहिलं आलं नाही. लोक म्हणाले, पाणी आणि अन्न. दुष्काळाचे दिवस होते. मग डॉक्टर लोकांनी आधी बोअर आणि लहान मुलांच्या जेवणाचं बघितलं. पुढं गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. ते मॉडेल जगभर गेलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

काही वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही त्याच हॉपकिन्समधून एमपीएच करून परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी सर्च ही संस्था उभी केली. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. पुढं ही पद्धत देशाच्या आशा कार्यक्रमात आली.

डायलिसिसच्या पाण्याचा प्रश्न आणि जामखेडच्या पाण्याचा प्रश्न यांत पन्नास वर्षांचं अंतर आहे. पण आधी काय विचारायचं हे कळणं, ही दोन्हीकडची मूळ गोष्ट.

आता पैशाचं बोलू, कारण घरात बोलणं तिथंच अडतं.

खासगी संस्थांच्या दोन वर्षांच्या फीसाठी बहुतेक घरांना कर्ज काढावं लागतं. त्यात वाईट काही नाही, पण कर्ज कशाच्या भरवशावर काढतोय हे बघायला हवं. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हा शब्द दिसला की पुढचे प्रश्न विचारायचे. कोणत्या पदावर? सर्वात मोठं पॅकेज नको, मधल्या विद्यार्थ्याला किती मिळालं ते सांगा. मागच्या बॅचमधल्या किती जणांना कन्सल्टिंगमध्ये घेतलं आणि किती जण हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर आहेत? कॉलेजने सांगितलं नाही तर लिंक्डइनवर त्या बॅचची पोरं शोधायची आणि त्यांनाच विचारायचं. बहुतेक जण खरं सांगतात.

कारण वस्तुस्थिती अशी आहे, की एमएचए किंवा हेल्थकेअर एमबीए केलेले बरेच जण सुरुवात हॉस्पिटलातूनच करतात. फ्लोअर, क्वालिटी, बिलिंग, टीपीए. तीन-चार वर्षांनी त्यातले काही सल्लागार होतात. ही वाट वाईट नाही, उलट पक्की आहे. फक्त ती सूटबुटातून सुरू होत नाही, चपला झिजवून सुरू होते. जो बीएएमएस डॉक्टर १०८ च्या ॲम्ब्युलन्सवर किंवा उपकेंद्रात दोन वर्षं काढून एमबीएला जातो, त्याच्याकडे मुलाखतीत सांगायला खरं काहीतरी असतं. पदवीचा निकाल लागला आणि तसाच पुढच्या वर्गात बसला, असं करणाऱ्याकडे ते नसतं. घरची घाई समजण्यासारखी आहे, पण जमत असेल तर आधी काम, मग डिग्री, हाच क्रम फायद्याचा.

आणि तयारीसाठी पुण्याला जाईपर्यंत थांबायचं कारण नाही. क्रांती चौकातून रिक्षाने थोड्या वेळात पोहोचता येईल एवढ्या अंतरात १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे घाटी आहे, सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, एमजीएम आहे. गारखेड्याला १९८९ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन सुरू केलेलं डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याला औषधांचे कारखाने आहेत. सरकारी, खासगी, ट्रस्ट आणि औषध उद्योग, असे चारही नमुने एकाच शहरात.

नोकरी किंवा इंटर्नशिप कुठंही असो, रीतसर परवानगी घ्यायची, पेशंटचं नाव कुठंही न लिहिता एक साधी वही करायची. डॉक्टरांनी ‘डिस्चार्ज’ म्हटल्यापासून पेशंट खाट सोडेपर्यंत किती तास जातात? त्यातले किती तास बिलिंगचे, किती औषधांच्या परतीचे, किती विमा कंपनीच्या उत्तराची वाट बघण्याचे? १०० खाटांच्या हॉस्पिटलात पेशंट सरासरी ५ दिवस राहत असेल तर रोज २० खाटा मोकळ्या होतात. तोच मुक्काम ४ दिवसांवर आला तर २५. एकही खाट न वाढवता रोज ५ जादा पेशंट, आणि तेही दाराशी ताटकळत न बसता. महिनाभराची अशी वही आणि एक्सेलमध्ये केलेला तिचा साधा तक्ता मुलाखतीत टेबलावर ठेवला, की बोलणं आपोआप त्यावर सुरू होतं.

सोबत एक्सेल नीट शिकायचं, आकडेशास्त्राचा पाया पक्का करायचा, आणि हॉस्पिटलचा ताळेबंद एखाद्या सीएकडे बसून एकदा तरी वाचायचा. इंग्रजीत बोलण्याची भीती असेल तर केस इंटरव्ह्यूचा सराव आधी मराठीत करायला हरकत नाही. हिशेब जमला की भाषा मागून येते.

स्नॅप सहसा डिसेंबरात होते, सीयूईटी-पीजी मार्चच्या आसपास आणि एमबीए-सीईटीही त्याच सुमाराला. फॉर्म त्याच्या काही महिने आधी सुटतात, आणि शेवटची तारीख दरवर्षी त्या-त्या परीक्षेच्या अधिकृत वेबसाइटवरच बघायची, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.